सतरा मोऱ्या आणि एक पूल

जळगावहून जामनेरला जाणाऱ्या रस्त्यावर त्या काळी सतरा मोऱ्या आणि एक पूल होता. हा आकडा मी कुठल्या सरकारी कागदात वाचलेला नाही. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, मी जळगावच्या एका शेटजींच्या सर्व्हिस मोटारीवर कंडक्टर होतो, आणि आमची मोटार रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीच्या अलीकडे उभी राहत असे. जाताना अठरा वेळा, येताना अठरा वेळा. कुणाला चढायचं-उतरायचं असायचं म्हणून नव्हे. आमचे ड्रायव्हर खाली उतरून मोरी तपासत, म्हणून.

त्यांना सगळे नाईक म्हणत. ते आडनाव नव्हतं, पलटणीतला हुद्दा होता. गाव धुळ्याकडचं. लढाईत ते ब्रह्मदेशात लष्कराच्या लॉऱ्या चालवत होते. परत आले ते एक लोखंडी ट्रंक, एक जाड ओव्हरकोट आणि दोन प्रशस्तिपत्रं घेऊन. एकात वर्तन उत्तम असल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्यात प्रकृती उत्तम असल्याचं. दोन्ही कागद खरे होते. मोऱ्यांबद्दल त्यात काही नव्हतं, कारण लष्कराने त्यांना मोऱ्यांबद्दल विचारलंच नव्हतं.

मोरी पाहायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी गाडी पंचवीस पावलं अलीकडे थांबायची. नाईक उतरायचे, रस्त्याच्या कडेने खाली जायचे, उकिडवे बसून मोरीच्या तोंडातून आरपार पाहायचे. मग वर येऊन बुटाची टाच रस्त्यावर दोन-चार ठिकाणी आपटायचे, पलीकडपर्यंत चालत जायचे, वळून एकदा सगळ्या रस्त्याकडे संशयाने बघायचे आणि परत यायचे.

"काय हाये नाईक, खालतं?" पुढच्या बाकावरचं कुणीतरी विचारायचंच.

"आज काही नही शे," नाईक गंभीरपणे सांगायचे.

त्या 'आज'मुळे नवे प्रवासी घाबरत. जुने हसत. कोणी फारच टिंगल केली तर ते एवढंच म्हणत, "पूल दिखस तसा ऱ्हास नही, भाऊ." म्हणजे पूल दिसतो तसा नसतो. आणि गिअर टाकत.

माणसाला कशाचीही सवय होते. सहाव्या मोरीपाशी निंबाची सावली होती, तिथे एका बाईने पेरू आणि काकड्या विकायला सुरुवात केली. नेरीचे एक गुरुजी शाळेच्या वह्या मोटारीत तपासायचे. गाडी धावताना अक्षर हलतं, म्हणून ते मोऱ्यांची वाट पाहायचे. आमच्या शेटजींना तर नाईक म्हणजे देवाने पाठवलेला माणूस वाटे. बाकीच्या ड्रायव्हरांच्या हातून महिन्याला एक स्प्रिंग तुटे. नाईकांच्या गाडीची दोन वर्षांत एकही तुटली नाही. "माणूस वेडा असला तर असू दे," शेटजी म्हणत, "स्प्रिंग शाबूत आहे ना?"

एकदा मात्र शेटजींनाही त्यांना बरं करायची हौस आली. त्यांनी नाईकांना शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बत्ती घातली, छाती ठोकली आणि सांगितलं, की अशी प्रकृती मी वर्षात पाहिली नाही. मग शेटजींनी एक भगत आणला. त्याला मोटारीत बसवून आम्ही तिसऱ्या मोरीपर्यंत नेलं. त्याने लिंबू कापलं, डोळे मिटले, बराच वेळ घुमला आणि म्हणाला, "या मोरीखाली काहीतरी आहे."

"मी दोन वर्षांपासून तेच सांगतोय," नाईक म्हणाले.

त्यांच्या म्हणण्याला दुजोरा देणारा तेवढा एकच माणूस निघाला. शेटजींनी त्यालाही परत बोलावलं नाही.

नाईकांची दुसरी खोड जास्त महागात पडणारी होती. ते कुणाला पुढे जाऊ देत नसत. मागून कितीही हॉर्न वाजो, रस्त्याच्या मधोमध आमची मोटार. सपाट रस्त्यावर एखादे वेळी बाजू देतील, पण मोरी जवळ आली की नाही. लोक म्हणत, पलटणीची गुर्मी आहे. एकदा मागून प्रांतसाहेबांची जीप आली. सातव्या मोरीच्या तोंडाशी जीपने बाजूने घुसायचा प्रयत्न केला, तेव्हा नाईकांनी भरलेली मोटार सरळ आडवी घातली. साहेब उतरले. लाल झाले होते.

"लायसन जप्त करीन!"

नाईकांनी टाच जुळवून कडक सलाम ठोकला. "जरूर करा, हुजूर. पण आधी पूल पाहतो. मी जातो, मग साहेबांनी मागून यावं."

आणि साहेबांना उन्हात उभं करून ते मोरीत उतरले. दुसऱ्या दिवशी शेटजी केळीचे दोन घड घेऊन साहेबांच्या बंगल्यावर माफी मागायला गेले.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार विनोदी समजत होतो. नाईक मोरीखाली गेले, की गाडीच्या मधल्या वाटेत मी त्यांची नक्कल करायचो. तसंच उकिडवं बसायचं, बाकाखाली डोकावायचं, एखाद्या म्हातारीच्या पाटीवर टाच आपटायची आणि "आज काही नही शे" म्हणायचं. गाडी खदखदून हसायची. नाईकांना हे माहीत होतं. एकदा ते नेहमीपेक्षा लवकर परत आले आणि दारात उभं राहून त्यांनी माझी सबंध नक्कल पाहिली. मी थिजलो. ते म्हणाले, "टाच डावी आपटायची. उजव्या पायावर अंग तोललेलं पाहिजे," आणि जागेवर जाऊन बसले.

पुढे सरकारने त्या रस्त्यावरच्या मोटारी आपल्याकडे घेतल्या, तेव्हा ड्रायव्हर म्हणून नाईक पहिल्या झटक्यात पास झाले. परीक्षा मैदानावर होती. पण नव्या वेळापत्रकात मोऱ्यांसाठी वेळ धरलेला नव्हता. अकरा दिवसांनी त्यांनी आपण होऊन बिल्ला परत केला आणि ते धुळ्याकडे आपल्या गावी शेती करायला गेले. जाताना मला म्हणाले, "शेतात जायला एक नाला लागतो. पण बैल घाई करत नाहीत." हे नंतरचं. त्याआधी जे घडलं, ते सांगण्यासाठी मी लिहायला बसलो.

जामनेरच्या अलीकडच्या एका खेड्यातून दर बाजारच्या दिवशी एक म्हातारा आमच्या गाडीत चढायचा. सगळे त्याला आबा म्हणत. कपाशीचा शेतकरी, खणखणीत आवाज, डोक्याला लाल पागोटं. माझ्या नकलेला सगळ्यात मोठ्याने हसणारा तोच. "कर रे, पुन्यांदा कर," म्हणून मला चढवायचा. नाईक या म्हाताऱ्याशी मात्र एक शब्द बोलत नसत. तो चढला की टोपी कपाळावर ओढत आणि समोर बघत बसत. आबाच्या हे लक्षात आलं होतं.

"तुहा ड्रायव्हर मले पाहून तोंड काहून फिरवते रे?" त्याने एकदा मला विचारलं. "मी त्याचं काय खाल्लं?"

मी म्हटलं, "आबा, तुम्ही हसता म्हणून."

"हसतो त सगळेच."

आबाचा थोरला मुलगा लढाईत गेला होता आणि परत आला नव्हता, हे मला गावकऱ्यांकडून कळलं. तार आली होती, 'बेपत्ता' म्हणून. त्या शब्दाचा अर्थ आबाच्या बायकोने असा लावला, की पत्ता चुकला आहे, म्हणजे माणूस आहे. त्या घरात कुणाला रडायची परवानगी नव्हती.

एके सकाळी जामनेरहून येताना आबाच्या गावाशी गाडी थांबली, तर तिथे एक बैलगाडी उभी होती. तिच्यात आबाची मुलगी. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. आदल्या दिवशी दुपारपासून कळा येत होत्या, आणि मूल आडवं आहे, जळगावच्या दवाखान्यात न्या, असं सुईणीने सांगितलं होतं. आई गुडघ्यांनी अधू, म्हणून आत्या बरोबर आलेली. आम्ही पोरीला मागच्या लांब बाकावर निजवलं. आबा पुढे येऊन नाईकांना म्हणाला, "बापा, आज तेवढं मोऱ्या-बिऱ्या सोड. हात जोडतो."

नाईकांनी मान हलवली.

पहिली मोरी आली. मी पाहत होतो. त्यांनी गाडी थांबवायची नाही असं ठरवलं होतं, ते त्यांच्या जबड्यावरून दिसत होतं. पण पंचवीस पावलं अलीकडे गाडी थांबलीच. त्यांचा शर्ट पाठीवर ओला झाला होता. त्यांनी पुन्हा गिअर टाकला, गाडी हातभर सरकून पुन्हा थांबली.

"पाय ऐकत नाही," ते माझ्याकडे न बघता पुटपुटले. मग दार उघडून धावत गेले, धावत मोरीखाली उतरले, धावत परत आले. मी त्यांना धावताना तोपर्यंत पाहिलं नव्हतं. पुढच्या दोन मोऱ्यांवर तसंच. गाडीत कुणी हसत नव्हतं. मागून पोरगी ओरडत होती आणि तिची आत्या नाईकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

मग नेरीच्या बाजूचा पूल आला. लांब पूल. तो पाहायला नाईकांना नेहमी दहा-बारा मिनिटं लागायची, कारण ते दोन्ही टोकांना खाली नदीत उतरत. मी म्हटलं, "नाईक, तुम्ही बसा. मी पळत जाऊन पाहून येतो, तुम्ही मागून गाडी आणा."

त्यांनी माझं मनगट असं धरलं, की मी कळवळलो. "तू पुढे जायचं नाही. कोणीच पुढे जायचं नाही."

आबाने हे ऐकलं. तो गाडीतून उतरला, धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाला, "मी जातो. पूल फुटला त मी जाईन, म्हातारा मानूस. तू ये मांगून." आणि खरंच ताडताड पुलाकडे चालू लागला.

नाईकांनी हाक मारली. ती हाक 'आबा' अशी नव्हती.

"श्रावण! श्रावण, थांब!"

म्हातारा जागच्या जागी उभा राहिला. श्रावण हे त्याच्या थोरल्या मुलाचं नाव. नाईक दार उघडं टाकून धावले, त्यांनी आबाला पाठीमागून कवळ्यात धरलं, पुलाच्या तोंडापासून मागे ओढत आणलं, आणि मग त्याच्या पायांशी रस्त्यावरच बसले. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो.

ते जे बोलले, ते तुटक बोलले, पण प्रत्येक शब्द आम्हाला ऐकू आला. ब्रह्मदेशात श्रावण आणि ते एकाच तुकडीत होते. एकाच बोलीतले नसले तरी खानदेशातले दोघंच. एके दिवशी लॉऱ्यांची रांग चालली होती, सगळ्यात पुढे नाईकांची लॉरी, मागे श्रावणची. एका पुलाच्या अलीकडे नाईकांच्या इंजिनातलं पाणी उकळलं. ते थांबले, पाणी ओतू लागले, आणि हाताने त्यांनी श्रावणला खूण केली, की तू हो पुढे. श्रावण पुढे झाला. पुलाखाली सुरुंग होता. पूल, लॉरी, माणूस, सगळं नदीत गेलं. सापडलं काही नाही.

"मीच पुढे धाडला त्याला, आबा. माझी पाळी होती. तुम्हाला सांगायचं म्हणून मी धुळं सोडून या लायनीवर आलो. दोन वर्षं झाली. तुम्ही चढता, उतरता. मला तोंड उघडता येत नाही."

आबा उभाच होता. मला वाटलं आता तो नाईकांना मारेल, किंवा खाली कोसळेल. एवढ्यात मागच्या बाकावरून पोरगी पुन्हा ओरडली.

आबाने पागोटं काढलं, त्याने तोंड पुसलं, ते परत डोक्यावर ठेवलं. म्हणाला, "ऊठ. हे मंग. आधी पोरीचं पाहू."

नाईक उठेनात. तेव्हा म्हाताऱ्याने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं, गाडीपर्यंत आणलं, आणि त्यांच्या शेजारी, जिथे फक्त मी बसायचो, तिथे जाऊन बसला.

"आता कोनी पुढं नाई अन् कोनी मांगं नाई," तो म्हणाला. "संगंच जाऊ. फुटला त दोघं जाऊ. चाल."

गाडीत आम्ही आणखी सव्वीस माणसं होतो, पण आमचं मत कुणी विचारलं नाही. कुणी दिलंही नाही. गाडी पुलावर चढली. नाईकांनी डोळे सताड उघडे ठेवले होते आणि आबाने त्यांच्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता. पलीकडे उतरल्यावर गुरुजींनी एकदम टाळी वाजवली आणि मग स्वतःच ओशाळले. पुढच्या प्रत्येक मोरीपाशी गाडी थांबायची, आबा "चाल" म्हणायचा, आणि गाडी चालायची. जळगावला पोचलो. दुपारी पोरीची सुटका झाली. मुलगी झाली, आई-लेक दोघी वाचल्या.

सगळ्या लाइनीवर बातमी पसरली, की नाईक बरे झाले. दुसऱ्या दिवशी काही लोक मुद्दाम बघायला गाडीत बसले. पहिल्या मोरीच्या पंचवीस पावलं अलीकडे गाडी थांबली. नाईक उतरले, खाली गेले, उकिडवे बसले. सतरापैकी एकही मोरी कमी झाली नव्हती. लोकांची फार निराशा झाली. कुणाच्या तरी आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग आपण डोळ्यांनी पाहावा आणि त्याचा काही उपयोग होऊ नये, हे त्यांना पटेना. एवढंच झालं, की त्या दिवसापासून मी नक्कल केली नाही, आणि कुणी मला करायला सांगितलंही नाही.

महिनाभराने आबा थांब्यावर उभा होता, पण गाडीत चढला नाही. खिडकीशी येऊन म्हणाला, "म्हातारीले सांगाचं मले जमत नाई. तीनदा तोंड उघडलं. तू ये."

नाईक म्हणाले, "मला नाही जमणार."

पुढच्या बाजारला आबा पुन्हा तेच म्हणाला, नाईक पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या बाजारला गाडी दुरुस्तीसाठी कारखान्यात होती, सुट्टीचा दिवस होता. नाईक सकाळीच माझ्या खोलीवर आले. इस्त्रीचा खाकी शर्ट, पॉलिश केलेले बूट. "चल," म्हणाले. "एकट्याला पाय नेणार नाहीत."

आबाचं घर मातीचं, स्वच्छ सारवलेलं. ओसरीवर त्याची बायको पाय पसरून बसली होती आणि नातीला तेल लावत होती. बारीक, काळीसावळी म्हातारी, तोंडात एक दात. तिने आम्हाला बसायला सांगितलं, बाळाला चोळणं काही थांबवलं नाही. नाईक बसले नाहीत. उभ्यानेच, साहेबापुढे हजेरी द्यावी तसे बोलू लागले. आपलं नाव, तुकडी, लॉरी, पाणी, हाताची खूण, पूल. सगळं सांगितलं. आबा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

म्हातारीचे हात बाळाच्या पाठीवर तसेच थांबले. तिने विचारलं, "पुढं जाताना काही बोलला का तो?"

नाईक म्हणाले, "बोलला ना, माय. 'राम राम भाऊ, मी होतो पुढे, तुम्ही सावकाश या,' असं म्हणाला."

म्हातारीने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"कोन, माहा श्रावन?" ती म्हणाली. "तो त देवालेही राम राम करत नव्हता. मले म्हातारीले काहून फसवतं? खरं सांग."

मी नाईकांकडे पाहिलं, तर त्यांच्या कपाळावर त्या सकाळी मोरीपाशी आला होता तसा घाम आला होता.

"शिवी दिली, माय."

"कोन्ती?"

"मी इंजिनात पाणी ओतत होतो. तर खिडकीतून डोकं काढून हसला आणि म्हणाला..." नाईक थांबले, आणि मग त्यांच्या तोंडून धुळ्याकडची नव्हे, जामनेरकडची बोली आली, तरण्या पोराच्या आवाजात. "'मुडद्या, पाज तुह्या म्हशीले पानी! मी चाललो!'"

म्हातारीच्या घशातून एक आवाज निघाला. आधी मला कळेना, तो कसला. ती हसत होती. एका दाताने, खांदे हलवत, बाळाला छातीशी धरून.

"मुडद्या!" ती म्हणाली. "हे त माही शिवी व्हय! दिसातून धा खेपा मी त्याले देत होती. तिकडं परमुलखात जाऊन लोकाले देत होता का मेला!"

हसता हसता तिने पदर तोंडाशी धरला, आणि हसणं कुठे संपलं ते आम्हाला समजलं नाही. ती रडत होती. तार आल्यापासून पहिल्यांदा. आतून मुलगी धावत आली, तिने बाळ घेतलं. आबा भिंतीकडचं तोंड न वळवता रडू लागला. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

पुष्कळ वेळाने म्हातारीने डोळे पुसले आणि नाईकांना हाताला धरून आपल्याजवळ खाली बसवलं.

"पुन्यांदा म्हन," ती म्हणाली.

आणि नाईकांनी पुन्हा म्हटलं.